तटावरून ढकललेली सरदारीण

दुबईत जबल अलीच्या आमच्या ऑफिसात डबा उघडला की अफवाही उघडते. अकरा वर्षांत इतक्या जमल्यात, की त्यातल्या माझ्या किती, हे मलाच सांगता यायचं नाही.

आमचे मॅनेजर मोरीसान जपानी. एकदा जेवताना त्यांनी आपल्या गावच्या जुन्या सरदाराची गोष्ट सांगितली. बायकोचं एका शिपायाशी जमलं, म्हणून त्याने तिला किल्ल्याच्या तटावरून ढकललं. लोक अजून ती जागा दाखवतात.

"आणि खरं काय?" मी विचारलं.

"देवळात कागद आहेत. ती तापाने गेली. सरदार महिनाभर खोलीबाहेर आला नाही."

*

त्याच सरदाराचा नातू म्हणे वेडा. पिऊन नोकरांवर तलवार उगारायचा, म्हणून त्याला कोंडला. खरं तर त्याने शेतसारा कमी केला होता, आणि कारभाऱ्यांना ते परवडणारं नव्हतं.

"मग वेडा म्हणालं कोण?"

"कोंडणारेच. लिहायचं काम त्यांच्याकडे होतं."

*

खुद्द मोरीसानना टोकियोत बायकांच्या लफड्यावरून इकडे पाठवलंय, असं अकाउंट्सचा कुलकर्णी छातीठोक सांगायचा. शेवटी मी विचारलंच.

"बायको गेली. त्या घरात राहवेना, म्हणून मीच ट्रान्सफर मागितली."

"मग सांगितलं का नाही?"

"कोणी विचारलं नाही."

*

आमचा स्टोअरकीपर सावंत कुडाळचा. एक दिवसाआड तो चारला रिसेप्शनच्या लिझाच्या गाडीतून निघायचा. कुलकर्णी म्हणाला, "खलास! सावंत गेला कामातून." देराला दोघांनी रूम घेतलीय, हे मी माझ्या पदरचं घातलं. हसायला.

महिन्याभरात ते कुडाळला पोचलं. सावंतची बायको त्याचा फोन घेईना.

खरं नंतर कळलं. त्याच्या किडन्या गेल्या होत्या. लिझा त्याला घरी जाताना डायलिसिसला सोडायची. नोकरी जाईल म्हणून त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

*

सावंत इथेच, दुबईच्या हॉस्पिटलात वारला. मी मराठी, म्हणून त्याच्या घरी फोन करायचं काम माझ्याकडे आलं. मी सगळं सांगितलं. किडन्या, डायलिसिस, लिझाची गाडी. देराची रूम मीच रचली होती, तेसुद्धा.

त्याच्या बायकोने ते ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली,

"ताई, तुम्ही त्यांच्याच ऑफिसातल्या. त्यांच्या बाजूनेच बोलणार."

आणि फोन ठेवला.