गळ्यावरून फिरलेलं बोट

माझ्या थोरल्या बहिणीला ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं; पण तिला गप्प म्हणणाऱ्याने कुरुंद्याला आमच्या घरी एक दुपार काढायला हवी होती. तिचे हात दिवसभर चालत. त्या हातांची भाषा आम्ही घरातच बनवली होती. कपाळाला बोट म्हणजे आई, खांद्यावर थाप म्हणजे बाबा. जेवताना तिने गळ्यावरून आडवं बोट फिरवलं की समजायचं, इथवर भरलं, आता बास. पुढे पुढे जे जे नकोसं होई, त्यासाठी तिचं बोट गळ्यावरूनच फिरे.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. हळद शिजवायच्या दिवसांत तिला बघायला साखऱ्याहून पाहुणे आले. मुलगाही तिच्यासारखाच मुका-बहिरा. आधीची स्थळं चहा पिऊन, 'कळवतो' म्हणून गेली ती गेलीच. या खेपेला तिने हळदीने पिवळी झालेली बोटं राखेने घासघासून धुतली होती. हे लग्न तिला हवं होतं. मला ते दिसत होतं.

मोठी माणसं पीकपाण्याचं बोलत बसली. मुलगा मात्र तिच्याकडेच बघत होता. मग त्याने हात वर केला आणि गळ्यावरून बोट फिरवलं.

बहिणीचा चेहरा उतरला. बोलणाऱ्यांनी नाकारलं ते तिने गिळलं होतं. आता हाही बास म्हणतो? संतापून तिनेही तसंच बोट फिरवलं, त्याच्यापेक्षा जोरात, आणि उठून आतल्या दाराशी गेली.

"पोरगी न्हाई म्हणून राहिली," बाबा मान खाली घालून म्हणाले.

पण मुलगा तोंडभर हसत होता. त्याच्या वडिलांनी तर पिशवीतून साखरेचा पुडा काढला. त्या हसण्याचा मला असा राग आला की तांब्यातलं पाणी त्याच्या अंगावर फेकावंसं वाटलं. तेवढ्यात त्याची आई म्हणाली, "त्यो काळ्या मण्यांचं इचारून राहिला, बाई. आमच्या घरी लगीन म्हंजे असं." आणि तिने स्वतःच्या मंगळसूत्रावरून बोट फिरवलं.

म्हणजे त्याने लग्नाचं विचारलं होतं, आणि आमच्या बाईसाहेब रागाच्या भरात हो म्हणून बसल्या होत्या. बाबांना तेवढं पुरेसं होतं. जमलं मग, म्हणत त्यांनी साखरेसाठी हात पुढे केला. मला राहवलं नाही.

"बाबा, थांबा. तिला काय इचारलं ते तिला कळलंच न्हाई."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता मोडलं तर ते माझ्यामुळे मोडणार होतं, आणि मला भीती वाटत होती. मी बहिणीला हाताला धरून पुढे आणलं, आईच्या गळ्यातले मणी दाखवले, मुलाकडे हात केला आणि त्याच्यासारखं बोट फिरवलं. ती मण्यांकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. त्याचं हसू मावळलं होतं. मघाचा होकार खरा नव्हता, हे त्याला आता उमगलं. त्याने पुन्हा विचारलं, या वेळी घाबरत. ती इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं, संपलं सगळं. मग तिने मान खाली घातली आणि हळूच गळ्यावरून बोट फिरवलं.

पाहुणे गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. आईने आणखी एक भाकर पुढे केली. बहिणीचा हात सवयीने गळ्याकडे गेला आणि मध्येच थांबला. तिने तो खाली आणून पोटावर ठेवला. आईने भाकर टोपल्यात परत ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला.