सीपीयूच्या पंख्यातली पाकळी

भूतखेत, पितर, भास... माझा कशावर विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही ठेवायची इच्छा नाही. हे लिहितेय ते रागानं. ज्यांना 'मनाचे खेळ' म्हणायचंय त्यांनी आत्ताच म्हणून घ्या, मग वाचा.

आम्ही सिडको एन-सातला राहतो. नवऱ्याची वाळूजमधली कंपनी बंद पडली, तेव्हापासून घर माझ्या आवाजावर चालतं — लहान मुलांच्या एका ॲपसाठी मी धडे वाचून रेकॉर्ड करते, घरातल्याच जुन्या कॉम्प्युटरवर. गेल्या मे महिन्यातली गोष्ट. बाहेरचा आवाज नको म्हणून कूलर बंद, दार बंद, घामानं ओढणी भिजलेली... आणि एवढं करून तिकडून निरोप: "मॅडम, मागे घरघर येतेय. पुन्हा आली तर दुसरा आवाज बघू."

म्हणून मी सीपीयू उघडला. धूळ उडवली, खाली रबराचे तुकडे लावले, नवा पंखा बसवला. घरघर तशीच. पुन्हा उघडलं, तर पात्यांत झेंडूची पाकळी अडकलेली. ओली, ताजी.

माझं डोकंच सटकलं. कारण हा उद्योग एकाच बाईचा — माझ्या सासूबाईंचा. मूळच्या गंगापूरकडच्या, कानानं पार बहिऱ्या. दर खंडेनवमीला सीपीयूला हळदकुंकू, वर झेंडूची फुलं, आणि पाकळ्या हमखास जाळीतून आत. मी चिडले की म्हणायच्या, "मशीन हाय ती. तुमचं प्वाट हिच्यावर हाय, तिचा मान नको?" ऐकू यायचं नाही, म्हणून मशीन चालू आहे का ते वर तळहात ठेवून बघायच्या. "गरम लागतंय. चालू हाय."

पण सासूबाई तर त्या मेच्या आधीच्या दिवाळीनंतरच वारल्या होत्या. आणि त्या आठवड्यात घरात एक फूल आलेलं नव्हतं.

"तूच टाकली असशील, विसरली असशील," नवरा म्हणाला. मी? माझंच काम बुडवायला? मी त्याच्याशी बोलणंच सोडलं. पाकळी काढली, जाळीवर बारीक नेट चिकटवलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पुन्हा घरघर, पुन्हा पाकळी. नेट जसंच्या तसं.

मग मात्र मी भिंतीवरच्या त्यांच्या फोटोकडे बघून नाही नाही ते बोलले. देवघरातून हळदकुंकू आणलं आणि सीपीयूवर अक्षरशः थापलं. "घ्या. ठेवला मान. आता मला कमवू द्या."

बटण दाबलं. पंखा फिरत होता, आवाज शून्य. धडा पहिल्या फटक्यात पास झाला. मला आनंद व्हायला हवा होता. उलट जास्तच राग आला. म्हणजे गेल्यावरही यांचंच खरं?

कारण मला आजही सापडलेलं नाही. कुणी जाणकार असाल तर सांगा, पण पुढचं वाचून सांगा.

परवा चांगली थंडी होती, सकाळपासून लाईट नव्हती. सीपीयू पुसायला घेतला, तर सगळा पत्रा गार आणि वर एकाच जागी ऊब... तळहाताएवढी. मी नवऱ्याला हाक मारली. "बघ, आता हेही मीच केलं का?" म्हणत त्याचा हात धरून तिथं ठेवला.

त्यानं तळहात त्या उबेवर नीट पसरला. थोड्या वेळानं लाईट आली. मला धडा वाचायचा होता, उशीर होत होता, तरी त्यानं हात काढला नाही. आणि मलाही काढ म्हणवेना.