सगळं वाचणाऱ्या बाई

पुण्याहून पाकीट आलं, त्या दिवशी नर्सबाईंनी त्यातला मजकूर केवळबाईच्या ओसरीवर वाचला. दोन ओळी होत्या. बाईंनी दोन्ही वाचल्या.

कुणाचाही कागद हातात आला की तो पहिल्या अक्षरापासून खालच्या शिक्क्यापर्यंत मोठ्यानं वाचायचा, ही बाईंची सवयच होती. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो, दूध संस्थेची नोटीस असो, नाहीतर कुणाच्या जावयाचं पत्र. माणसं कंटाळत. "मतलबाचं तेवढं सांगा की बाई," म्हणत. बाई चष्मा सारखा करून म्हणत, "अर्धं वाचणाऱ्यानंच आमचं रान नेलं." त्यांच्या वडिलांनी कळंबला अर्धाच वाचून दाखवलेल्या कागदावर अंगठा दिला होता. त्याबद्दल याहून जास्त त्या कधी बोलल्या नाहीत.

बहात्तरच्या दुष्काळात त्या आमच्या गावच्या उपकेंद्रावर आल्या. मी त्याच वर्षी शाळेवर रुजू झालो. आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. दिवसभर खडी फोडणाऱ्या बायकांची तान्ही पोरं बघून त्या संध्याकाळी दारात गुडघ्यांना तेल चोळत बसत. मी पुस्तक घेऊन बसे. "गुरुजी, तुमच्या पुस्तकात गुडघ्याचं काय लिवलंय का?" हे रोजचं. उत्तराची त्यांना अपेक्षा नसे.

केवळबाईला तीन मुलींच्या पाठीवर गोप्या झाला. तिरपे डोळे, मऊ अंग, चार वर्षांचा झाला तरी तोंडात चारच शब्द. सोलापूरच्या डॉक्टरांनी बाईंना समजावलं की हा जन्माचाच दोष आहे आणि आईचं वय वाढतं तशी अशा मुलाची शक्यता वाढते. गोप्याची छाती सारखी भरायची आणि केवळबाईचा रोज बुडायचा. तिच्या कामाच्या वेळी तो उपकेंद्राच्या पायरीवर बसे आणि येईल त्या बाईला हात जोडी. "असलं पोर लई महागात पडतं," असं कुणी म्हटलं की बाई म्हणत, "गोप्या महाग न्हाय. त्याच्याजवळ बसायला माणूस न्हाय, ते महाग हाय."

चाळिशीला टेकलेल्या केवळबाईला पुन्हा दिवस गेले. ती बाईंपुढे येऊन बसली. "आणखी एक गोप्या माझ्याच्यानं व्हायचा न्हाय, बाई. दोघांना कोण बघंल?"

पोटातलं पाणी काढून हा दोष आधी कळतो, ही तपासणी पुण्याला होते, एवढं बाईंना ठाऊक होतं. त्या तालुक्याच्या डॉक्टरसाहेबांकडे गेल्या. मी बरोबर होतो. साहेब माणूस वाईट नव्हता. थकलेला होता. म्हणाला, "शेकड्यानं बायका तपासाव्या तेव्हा असं एखादं मूल सापडतं. तेवढ्या पैशात किती पोरांना गोवराची लस देता येईल, सांगा बरं."

"साहेब, माझ्याकडं शेकडा येत न्हाय," बाई म्हणाल्या. "एकेक बाई येते."

परत येताना एसटीत मात्र त्या म्हणाल्या, "त्यांचंबी खोटं न्हाय, गुरुजी."

त्या वर्षीही पाऊस नव्हता, जनावरं आटली होती. तरी संस्थेत दूध घालणाऱ्या बायकांनी एका दिवसाचं दूध केवळबाईच्या नावानं घातलं. बाईंनी रजा टाकली आणि तिला घेऊन पुण्याला गेल्या. तीन आठवड्यांनी पाकीट आलं.

आतला कागद इंग्रजीत होता. मी डिक्शनरी घेऊन बसलो आणि वहीच्या पानावर मराठी करून लिहिलं. पहिली ओळ, दोष नाही. दुसरीला माझा हात थांबला.

"थांबलात का?" बाईंनी विचारलं.

"मुलगी आहे असं लिहिलंय."

"मग लिवा की."

मी लिहिलं.

ओसरीवर पहिली ओळ ऐकून केवळबाईची सासू देवापुढे साखर ठेवायला उठली. दुसरी ऐकून ती परत खाली बसली. "चौथी?" एवढंच म्हणाली.

नवरा निवृत्ती म्हणाला, "तीन हायत की. आता चौथी कशाला?"

"निवृत्ती, तपासणी कशापायी केली रे? पोर धडधाकट हाय म्हणून लिवलंय!"

"पोरगी हाय म्हणूनबी लिवलंय. तुमीच तर वाचलं, बाई."

बाईंनी चार दिवस त्या घरी खेटे घातले. पाचव्या दिवशी दाराला कुलूप होतं. आठवड्यानं माणसं परतली. केवळबाईचं पोट रिकामं होतं. बाई तिच्या उशाशी जाऊन बसल्या. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "एवढं खरं कशाला वाचलं, बाई?"

बाईंनी मला कधी दोष दिला नाही. मी थांबलो होतो आणि तरीही लिहिलं होतं, याची आठवण काढली नाही. एकदाच, बऱ्याच महिन्यांनी, तेल चोळता चोळता म्हणाल्या, "साहेबांनी हिशेब केला, म्याबी केला. त्या दुसऱ्या ओळीला काय मोल पडंल, ते दोघांनीबी धरलं न्हाय." पुढे कुणी कागद घेऊन आलं की त्या आधी तो मनात वाचत. मग आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. मग मोठ्यानं वाचत, पण मध्ये कुठंतरी आवाज अडखळायचा. पुण्याच्या तपासणीचं नाव त्यांनी पुन्हा कुणापुढे काढलं नाही. त्यात पुढे गावातल्या आणखी एकीला गोप्यासारखंच मूल झालं. तेही बाईंनी स्वतःवरच घेतलं.

निवृत्त झाल्यावर त्या माहेरी गेल्या नाहीत. केवळबाईच्या घरात आधी निवृत्ती वारला, मग ती. मुली आपापल्या घरी नांदत होत्या. बाई रोज सकाळी गुडघे धरत त्या ओसरीवर जात आणि दिवे लागेपर्यंत गोप्याजवळ बसत. वर्तमानपत्र त्याला पहिल्या पानापासून वाचून दाखवत, जाहिरातींसकट. तो ऐके आणि हात जोडी.

गेल्या पौषात बाई गेल्या. गोप्या आहे, केस पांढरे झालेत. थोरली बहीण सास्तूरहून रविवारी येते. बाकीचे सहा दिवस मी बसतो.