न विकलेलं दूध

पहिली धार तो तळहातावर घ्यायचा. म्हैस चौकात उभी, भोवती ग्लास धरून माणसं उभी, आणि हा उकिडवा बसून चारी सडांची एकेक धार डाव्या तळव्यावर सोडायचा. मग तो हात दिव्याकडे धरून बघायचा. दूध पाणचट तर नाही, त्यात कणी तर नाही. सगळं ठीक असलं की हात झटकायचा आणि पहिल्या गिऱ्हाइकाला म्हणायचा, "घ्या पावणं, ग्लास फुडं करा. फेसासकट प्यायचं बरं का."

कोल्हापुरात राहिला असाल तर असा दुधाचा कट्टा तुम्ही पाहिला असणारच. संध्याकाळी म्हशी चौकात येतात, डोळ्यांदेखत पिळलेलं कोमट दूध माणसं उभ्या उभ्या पितात आणि मिशा पुसत घरी जातात. आमच्या पेठेतल्या चौकात हा यायचा. चौकाच्या कोपऱ्यावर माझी पिठाची गिरण. गिरणीच्या आवाजात जन्म गेला, त्यामुळे मी हळू बोलायला गेले तरी भांडल्यासारखं होतं. त्याचं उलटं होतं. म्हशीच्या कानाशी बोलावं तसा तो सगळ्यांशी बोलायचा. म्हशींशी कानडीत आणि आमच्याशी मराठीत, एवढाच फरक. घराणं सीमेकडच्या लिंगायत गवळ्यांचं, कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात कायम तीच बंडी.

"आक्का, गिरण जरा थांबीव की. म्हस पान्हा चोरतीया."

"तुझ्या म्हशीपायी मी धंदा बुडवू व्हय? तिला सांग कानात बोळे घाल म्हणून."

"घातलं आस्तं तिनं. तिला हात कुठं हायत?"

असलं काही तो हसू न येता म्हणायचा. मी तोंडानं बडबडत गिरण थांबवायची आणि दळणवाल्या बायका माझ्यावर चिडायच्या. हे रोजचं होतं. सगळी पेठ त्याला मामा म्हणायची. मी वयानं थोडी मोठी, म्हणून मी एकटी त्याला अरे-तुरे करायची.

बायको लवकर गेलेली. एकच पोरगी, गिरिजा. तिची वेणी घालायला तो सुरुवातीला माझ्याकडे पाठवायचा. मग एक दिवस म्हणाला, "शिकीव मला." म्हशीच्या शेपटीवर सराव केला होता की काय कोण जाणे, पण आठवड्यात माझ्यापेक्षा घट्ट वेणी घालायला लागला. पोरगी दुधावर वाढली. गोल चेहरा, दणकट हाडापेराची. सर्दी-पडसं सोडलं तर तिला काही झाल्याचं मला आठवत नाही. त्याला त्याचा फार ताठा होता. "माझ्या पोरीला जल्मात गोळी लागली न्हाय आक्का. डाक्टरनं हिची नाडी धरली न्हाय अजून."

माणूस सचोटीचा होता, हे मी कुठंही छातीवर हात ठेवून सांगेन. म्हशीची कास सुजून दगडासारखी होते, त्याला गवळी लोक दगडी म्हणतात. तळहातावरच्या धारेत कणी दिसली की ती म्हैस तो दुसऱ्या दिवसापासून चौकात आणायचा नाही. जनावरांच्या औषधांच्या दुकानातून बाटली आणायचा आणि सुई स्वतःच टोचायचा. ढोराच्या डॉक्टरला कशाला बोलवायचं, बापापासून हेच बघत आलेला. कास जरा मऊ पडली की सुई बंद. उरलेली बाटली गोठ्याच्या कोनाड्यात, पुढच्या म्हशीला. जनावरानं वैरण सोडली, अंग जरा गरम लागलं, तरी कोनाड्यातली बाटली निघायची.

दुकानदारानं त्याला एक गोष्ट सांगितली होती, की सुई चालू असताना आणि नंतरही काही दिवस त्या म्हशीचं दूध विकायचं नाही. ती त्यानं कधीही मोडली नाही. गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. "लोकाच्या पोटात आवशीद जायाला नगो," म्हणायचा. पण म्हणून ते दूध टाकायचं? गवळ्याच्या हातनं दूध भुईवर ओतणं होणार आहे का? मग ते घरी राहायचं. त्याचं दही लागायचं, खवा व्हायचा, चहा व्हायचा, आणि पेलाभर दूध सकाळ-संध्याकाळ गिरिजाला. "उकळल्यावर कसलं आवशीद ऱ्हातंय?" असं तो म्हणायचा आणि ते ऐकून आम्ही सगळे मान डोलवायचो. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही.

गिरिजाला बिद्रीकडच्या एका गावात दिली. घर चांगलं, जावई गरीब स्वभावाचा, सासू माझ्यासारखीच तोंडाळ. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली तेव्हा हा नुसता नाचायचा बाकी होता. गिरणीच्या दारात येऊन मला म्हणाला, "आक्का, योग कसा बघ. पोरगी आली आनि थोरल्या म्हशीची कास सुजली. आता इकायचं कामच न्हाय. घरात दूधच दूध."

हे वाक्य मला गिरणीच्या आवाजातही अजून ऐकू येतं.

बाळ आडवं होतं, म्हणून पोट फाडून काढावं लागलं. मुलगी झाली. मामानं चौकात सगळ्यांना दूध फुकट पाजलं आणि नातीचं नाक आपल्यावर गेलंय, असं ज्याला त्याला सांगत सुटला. गिरिजा घरी आली, आणि काही दिवसांत तिला ताप भरला. टाके लाल झाले, पू धरला. मी गेले तेव्हा ती थंडीनं कुडकुडत होती आणि हा तिच्या पायाशी बसून तळवे चोळत होता. पुन्हा दवाखाना. तिथनं मोठा दवाखाना. एक औषध झालं, दुसरं झालं, ताप हटेना. जंतू रक्तात उतरलेत, असं सांगितलं आणि तिला काचेच्या पलीकडे नेलं.

मी भाकरीचा डबा घेऊन जायची. तो डबा उघडायचा, बंद करायचा.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या सुनेएवढ्या. दमलेल्या होत्या, पण आमच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "तिच्या जखमेतले जंतू आम्ही तपासायला पाठवले होते. नेहमीची औषधं त्यांच्यावर घालून बघतात, कशानं मरतात ते. हे कशालाच दाद देत नाहीत. एक औषध उरलंय. जुनं आहे, जोरकस आहे, पण ते मूत्रपिंडाला मारतं. ते सुरू करतोय." मग विचारलं, "तिला आधी कधी अशी औषधं दिली होती का? ताप, खोकला, कशासाठीही?"

"कवाच न्हाय म्याडम," हा ताठ बसून म्हणाला. "गोळी म्हाईत न्हाय तिला."

"तुम्ही काय करता?"

"म्हशी हायत."

"म्हशी आजारी पडल्या तर?"

"सुई देतो की. मीच देतो."

"आणि त्या म्हशींचं दूध?"

"इकत न्हाय." त्याचा आवाज जरा चढला. "एक थेंब इकत न्हाय म्याडम, कुनालाबी इचारा पेठंत."

"मग काय करता त्याचं?"

मी त्याच्या शेजारी होते. त्यानं धार बघावी तसा डावा तळहात उलटा करून बघितला. "घरात," एवढंच म्हणाला.

बाईंच्या लक्षात आलं. त्या लगेच म्हणाल्या, "मामा, त्याच्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही. असले जंतू दवाखान्यातही लागतात, कुठूनही लागतात. उकळलं तरी औषधाचा अंश दुधात राहू शकतो, आणि असं थोडं थोडं औषध पोटात जात राहिलं की जंतू त्याला सरावतात, म्हणून विचारलं. नक्की कुठून आले ते आता कुणीच सांगू शकणार नाही." खरं तेच सांगितलं त्यांनी, आणि जपून सांगितलं. पण त्याला पुढचं काही ऐकू गेलं नव्हतं. त्यानं एकच विचारलं, "हातातनं बी जातंय काय? माझ्या?"

"जनावरांत काम करणाऱ्यांच्या हातावर असू शकतात. साबणानं धुवायचे," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आला तो रुमालात काहीतरी गुंडाळून. डॉक्टरीणबाईंची वाट बघत दारात उभा राहिला आणि त्या दिसल्यावर रुमाल सोडला. कोनाड्यातली अर्धी बाटली. "ह्ये द्या तिला म्याडम. थोरल्या म्हशीला दोन सुयात उतार पडलाय. तुमच्याकडं आसलं नसंल." बाईंनी बाटली हातात घेतली, नाव वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाल्या, "मामा, हेच दिलं होतं तिला. सगळ्यात आधी हेच दिलं होतं."

त्यानं बाटली परत मागितली नाही. रुमाल तेवढा घेतला, घडी घातली, खिशात ठेवला. मला मेलीला तेव्हा कुणाचा राग यावा हेच कळेना. दुकानदाराचा येईना, त्यानं बिचाऱ्यानं सांगितलं होतं. ह्याचा तर येणंच शक्य नव्हतं. देवाचा आला. परत येताना महादेवाच्या देवळावरून आले आणि हात जोडले नाहीत.

पुढचे दिवस तो वेड्यासारखा वागला. बाईंच्या मागे लागला, "माझं रगात काढा. मी बी तेच पीत आलोय, मला कसं काय होत न्हाय? माझ्यात काय आसंल तर तिला घाला." बाईंनी समजावलं, की ते जंतू तुमच्यातही असतील, पण अंगावर जखम नाही तोवर गप्प बसतात. झालं, तेव्हापासून त्यानं नातीला हात लावायचं सोडलं. बाळ माझ्या घरी होतं, गिरिजाची सासू येऊन राहिली होती. तिनं एकदा म्हशीच्या दुधात पाणी घालून द्यावं का, असं विचारलं. तो उठला, औषधाच्या दुकानात गेला आणि पावडरच्या दुधाचा डबा घेऊन आला. आमच्या उंबऱ्याबाहेर ठेवला. साऱ्या पेठेला दूध पाजणारा गवळी, आणि डबा ठेवून चोरासारखा निघाला. मी हाका मारल्या, तो वळला नाही. त्याचे हात धुऊन धुऊन लाल झाले होते, कातडी निघायला लागली होती.

गिरिजा मधेच एकदा शुद्धीवर आली. मला आणि त्याला आत सोडलं. अंगावर नळ्या, चेहरा सुजलेला, मूत्रपिंडं बसत चाललेली. तरी बापाला बघून म्हणाली, "अप्पा, बाळी रडती काय वं? तुमी घ्या की तिला. तुमच्याकडं गप ऱ्हाईल."

"घेतो," तो म्हणाला. त्याचे दोन्ही हात पाठीमागं होते.

ती गेली. त्या शेवटच्या औषधानं जंतू थोडे हटले होते म्हणे, पण तोवर तिच्यात काही उरलं नव्हतं. तो रडला नाही. मीच रडले, मोठ्यानं, त्या सगळ्या काचांसमोर, आणि कुणी मला गप्प करायला आलं तर त्याच्याशी भांडले.

म्हशी त्यानं पुतण्याच्या हवाली केल्या. चौकात आता दुसरा एक गवळी येतो. तो तळहातावर बघतो की नाही, मी बघायला जात नाही. कुणी थांबवा म्हणत नाही, त्यामुळे गिरण सलग चालते.

मामा आता गावाकडे भावाच्या घरी असतो. अधूनमधून बिद्रीकडे नातीला बघायला जातो, आणि परवा मीही बरोबर गेले. एसटीतून उतरून घरापर्यंत तो माझ्या पुढं चालत होता. अंगणात पोचल्यावर मात्र तुळशीपाशीच थांबला. पोरगी आता रांगते. तिच्या आजीनं तिला अंगणात सोडली आणि चहा टाकायला आत गेली. पोरगी इकडंतिकडं न बघता थेट ह्याच्याकडं निघाली. तो एक पाऊल मागं सरला. ती आणखी पुढं आली, तो आणखी मागं. सरता सरता पाठीला गोठ्याची भिंत लागली.

"आक्का, उचल तिला," तो म्हणाला.

"मी नाही उचलायची," मी म्हणाले. "तुला उचलायला सांगून गेलीय ती."

"आक्का, पाया पडतो. उचल."

मी जागची हलले नाही. पोरीनं त्याचं धोतर मुठीत धरलं. त्यानं दोन्ही हात वर केले, डोक्याच्या वर, तिला चुकून लागू नयेत म्हणून. ती धोतराला ओढ देत, त्याच्या गुडघ्याचा आधार घेत उठली आणि डुलत डुलत उभी राहिली. आजी चहाची कपबशी घेऊन बाहेर आली ती दारातच थबकली. म्हणाली, "अगं बया, उभी राहिली की. आज पहिल्यांदाच." पोरगी मान वर करून त्याच्याकडं बघत होती, आणि तो भिंतीला टेकून, हात तसेच वर धरून, डोळे मिटून उभा होता.