एक्स-रेच्या अंधारात भुयारातला शिपाई

डॉक्टर म्हणाले, "प्लूरल इफ्यूजन आहे." म्हणजे फुप्फुसाभोवती पाणी साचलं होतं. ज्या खोकल्याला मी कापसाच्या धुळीचा खोकला म्हणून हसण्यावारी नेत होतो, तो हा.

पाण्याला मी भ्यालो नाही. भ्यालो ते पुढच्या वाक्याला. "स्क्रीनिंग करावं लागेल." म्हणजे काळे पडदे लावलेल्या खोलीत, पुऱ्या अंधारात यंत्रापुढं उभं राहायचं आणि डॉक्टरांनी छातीच्या आत बघायचं. पाणी कुठं आहे ते दिसल्याशिवाय सुई घालता येत नव्हती, आणि ते काढल्याशिवाय श्वास मोकळा होणार नव्हता.

आता गावात मी शूर माणूस. लढाईत ब्रह्मदेशात जपान्यांनी टेकड्यांच्या पोटात भुयारं खणली होती, त्यांत आम्ही रांगत शिरायचो. पुढच्याच्या पायाला दोर बांधायचा. त्यानं झटका दिला की मागच्यांनी ओढून घ्यायचं. आमच्या जैनथच्या बाजारात मी हे इतक्यांदा सांगितलं होतं की ऐकणारेच पुढचं वाक्य बोलायचे. एक तेवढं सांगितलं नव्हतं. एकदा मी दोर ओढला आणि नुसता दोरच आला. तेव्हापासून बंद खोलीत माझा जीव गुदमरतो.

तर या शूर माणसानं काय करावं? पटका सोडला, एक टोक घोट्याला बांधलं आणि दुसरं पडद्याबाहेर बायकोच्या हातात दिलं. "झटका देला का वढजो," म्हणून बजावलं.

दिवा मालवला. तोंडासमोर कुणीतरी श्वास घेत होतं. डॉक्टरच असणार, पण ते माझ्या पायांना कोण सांगणार? पाय लटपटायला लागले. बाहेर बायकोनं ओढलं. बाकावरच्या मंडळींनीही हात लावला असावा, कारण मी पडद्यासकट वऱ्हांड्यात उताणा येऊन पडलो.

"काऊन वढलं?"

"तुमीच तं झटका देला!"

"झटका नाई, पाय कापून राह्यले व्हते!"

"मंग तसं सांगाचं व्हतं आंधी!"

सगळे हसले. मीही हसलो, हसता हसता खोकलो, आणि श्वास आत जाईचना. लोकांची तोंडं एकेक करून गंभीर होताना मी खालून पाहिली.

थोडा दम आल्यावर डॉक्टर शेजारी बसले. राज्यांची फेररचना झाली होती. नांदेडकडचा मुलूख मुंबई राज्यात, आम्ही आंध्रात. आणि तिकडचे हे डॉक्टर आपल्या राज्यात जायला सामान बांधून तयार. "उद्या मी नाही. नवा माणूस कधी येईल ठाऊक नाही आणि तुम्हाला थांबता येणार नाही. खरं काय ते सांगा."

मी नुसत्या दोराचं सांगितलं. पहिल्यांदाच. बायको पटका गुंडाळत होती, तिचे हात थांबले.

"याला क्लॉस्ट्रोफोबिया म्हणतात, बंद जागेचं भय," डॉक्टर म्हणाले. "बाई, आत या. आणि बोलत राहा."

हे काम तिला अवघड नव्हतं. अंधारात तिनं म्हशीच्या पेंडीपासून माझ्या बहिणीच्या टोमण्यांपर्यंत सगळं काढलं. घामानं मी भिजलो होतो, पण तो आवाज धरून उभा राहिलो.

"श्वास रोखा," डॉक्टर म्हणाले. आवाज बंद. चारी बाजूंनी माती अंगावर येतेय असं वाटलं.

"बाई, तुम्ही नाही! तुम्ही बोला!"

"अस्सं होय," ती म्हणाली, आणि बहीण पुन्हा सुरू झाली.

त्याच दिवशी सुईनं पाणी काढलं. क्षयाचं निघालं, इंजेक्शनं, गोळ्या झाल्या. छाती सुधारली, भय काही गेलं नाही. माझ्यासारखे जे असतील त्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावं. पडद्यासकट पडून मग सांगू नये.

पुढच्या तपासणीला नवे तेलुगू डॉक्टर होते. मी तोंड उघडायच्या आत बायकोनंच दारातून मोठ्यानं सांगितलं, "साहेब, इनको अंधेरे का भेव लगता!" सारा वऱ्हांडा माझ्याकडं बघायला लागला. मी मान खाली घातली. तेवढ्यात तामसीकडचा एक धिप्पाड शेतकरी बाकावरून सरकत माझ्याजवळ आला.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "वहिनीले म्हना ना, माह्यासंगंबी आत चाला."