अंधेरीत देव बोलावले, पाठवायचे राहिले

घरात बसून माझा गळा गंजायला लागला होता, म्हणून अंधेरीला जायचं ठरवलं. मी माहुलची धवलारीण. कोळ्यांच्या लग्नात धवले गाऊन देवांना, पितरांना मांडवात बोलावणारी बाई. आता लोक डीजेला बोलावतात. देव आपले आपण येतील असं समजतात. मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात रुपाली टाइप करते आणि मधेमधे माझी भाषा सुधारते. सुधारू दे, मी परत बिघडवते.

अंधेरीच्या एका हॉलात कोळी संस्कृतीचा कार्यक्रम होता. फोनवरची मुलगी म्हणाली, "आजी, पाच मिनिटांचा धवला हवा." आमचा धवला सकाळी धरला तर जेवणाच्या पंगती उठेपर्यंत चालतो. पण नाही म्हणवेना, रुपालीला घेऊन निघाले.

रस्ता सांगते, कोणाला जायचं असेल तर. माहुलहून रिक्षाने चेंबूरमार्गे घाटकोपर. रिफायनरीचा वास चेंबूरला मागे पडतो, तोवर तोंडाला पदर. दुपारीच निघा, संध्याकाळी रिक्षा उभी राहते आणि मीटर पळतो. घाटकोपरहून मेट्रो, थंडगार. तपासणीतल्या बाईने माझ्या पिशवीतला नारळ दाबून पाहिला.

"ये क्या है, आजी?"

"देव का तिकट."

जाऊ दिलं.

हॉलबाहेर खाण्याचे स्टॉल. एकावर 'पनीर कोळीवाडा'. मी स्टॉलवालीला विचारलं, "हे पनीर कुठल्या बंदरावर उतरलं गं?" ती म्हणाली, "आजी, व्हेज पब्लिक पण असते ना!" सोलकढी घ्या, ती बरी आहे. बाकी खिशाला चटका.

स्टेजवर एक नटलेली नवरी बसवली होती. मी कानात विचारलं, "लग्न कधी तुझं?"

"नाही आजी, मी फोटोपुरती."

तिथेच उठायला हवं होतं. लग्न नसताना धवला धरत नाहीत. एकदा बोलावलेल्या देवांना शेवटी पाठवणी गाऊन, मानाने घरी पोचवावं लागतं. पण समोर माईक, माणसांनी भरलेल्या खुर्च्या, मोह झाला. म्हटलं, पाच मिनिटांत बोलावणं आणि पाठवणी दोन्ही उरकू. धवल्याला दोघी लागतात. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. माझी जोडीदारीण आता नाही, म्हणून दोन्ही गळे मीच लावले. एकवीरा आई आली, खंडोबा आला, गावदेवी आली, सासूसासरे आले. तेवढ्यात धाडकन रिमिक्स सुरू! फोनवरच्या त्या मुलीने माझ्या हातातून माईक काढला, खांद्यावर शाल टाकली.

"झकास, आजी!"

"अगं, पाठवणी राहिली!"

"व्हिडिओत ॲड करू ना."

व्हिडिओत! माझी सासू जिवंतपणी पाच मिनिटं थांबायची नाही.

परतीच्या मेट्रोत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. एकसारखी मागे वळून बघत होते.

"आजी, जागा आहे, बस ना," रुपाली म्हणाली.

"मी बसले तर ते कुठे बसतील?"

रुपाली आधी हसली, मग माझं तोंड बघून तीही उभी राहिली. घाटकोपरला चहा घेतला, तोही अर्धा टाकला. रिक्षात मी सांगितलं, "घरी गेल्यावर पाठवणी गायची. माझा आवाज बसलाय. तू ओळ उचल."

"मना जमाचा नाय!"

कॉलेजात गेल्यापासून पोरीच्या तोंडून पहिल्यांदा घरची बोली निघाली, तीही नाही म्हणायला. म्हटलं, चालेल, निघाली ना!

घरी उंबऱ्यात नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं. मी ओळ टाकली, तिने उचलली. सूर रेल्वेच्या घोषणेसारखा. खंडोबाला तिने दोनदा निरोप दिला. एकदा तरी जाईलच. सासऱ्यांपाशी अडखळली, मी चिमटा काढला, पुढे गेली. शेवटच्या ओळी तिने माझ्याकडे न बघता उचलल्या. घर मोकळं झालं, मला जेवण गेलं.

ताट धुताना ती म्हणाली, "आता बोलावणं पण शिकव."

इथेच घोडं अडलंय. बोलावणं लग्नाशिवाय शिकवता येत नाही, ते मी अंधेरीत पुरतं भोगलंय. म्हणून हे लिहायला लावलं. तुमच्या घरी लग्न असेल तर डीजेच्या आधी आम्हा दोघींना सकाळ द्या. पैसे नकोत, चहा द्या. सध्या माझ्या नातीला देवांना फक्त घालवता येतं.