चाचणीतले केस

आई सोमवारी गेली. दहाव्याला वेदगंगेच्या काठी माझं मुंडण झालं. पुढचा नंबर वडील गेलेल्या एका अनोळखी तरुणाचा होता. तो टोपी काढेना.

"टक्कलच की रं, काय वाचवतोस?" न्हावी हसला.

"नवं औषध लावतोय अण्णा, अजून चाचणी चाललीय त्याची. वस्तरा लागला तर चाचणीतनं माझं नाव कटणार."

त्यानं टोपी उचलून दाखवली. मला काहीच दिसलं नाही. औषधावर माझा विश्वास बसला नाही. त्याच्या दुःखावरही नाही.

"आप्पा रोज चष्मा लावून बघायचे," तो म्हणाला. "'आलं की रं!' म्हणायचे. दुसऱ्या कुणाला दिसलंच न्हाय."

मग त्यानं टोपी बाजूला ठेवून वस्तऱ्यापुढं मान खाली घातली. न्हाव्यानं डोकं भादरून वस्तरा फडक्याला पुसला. फडक्यावर लव होती की साबण, मी वाकून पाहिलं. औषधाबद्दलचा संशय मला अजून आहे.